स्वभावाला औषध नसतं म्हणतात, ते खरंय का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतलीत, कारण चारही पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ती म्हणजे स्वभाव. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे, सायकॉलॉजी घेतलंय. पर्सनॅलिटीच्या पेपरात फ्रॉइड, युंग, अ‍ॅडलर, रॉजर्स, बंडुरा, ऑलपोर्ट, कॅटेल, आयझेंक असे एकामागून एक येतात आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतो. फ्रॉइड वाचला की तो पटतो, दुसऱ्या दिवशी रॉजर्स वाचला की तो पटतो. यातलं खरं कोणतं धरायचं? नुसता गोंधळ झालाय.

उत्तर : गोंधळ होतोय म्हणजे तू मनापासून वाचतेयस, नुसतं पाठ करणाऱ्याचा गोंधळ होत नाही. यातली खरी गोम अशी आहे की ही सगळी मंडळी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देत नाहीयेत, मुळात त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. फ्रॉइडकडे यायचे ते पेशंट, मग त्याला पडलेला प्रश्न असा की माणूस स्वतःलाच नको असलेलं का करत राहतो, आणि त्यातून पुढे १९२३ मध्ये त्याने इड, इगो, सुपरइगो, म्हणजे आतली आंधळी ओढ, तिला सांभाळून घेणारा 'मी' आणि चूक-बरोबर सांगणारा आतला आवाज, अशी मांडणी केली. रॉजर्ससमोरही त्रासलेली माणसंच बसायची, पण त्याला दिसली ती 'मी जसा आहे' आणि 'मी जसा असायला हवा' यांच्यातली दरी. बंडुराला बघायचं होतं की वागणं येतं कुठून, म्हणून १९६१ मध्ये त्याने लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला बोबो नावाची बाहुली बडवायला लावली आणि नंतर ती मुलंही तसंच, अगदी तेच शब्द वापरून बडवायला लागली. आणि ऑलपोर्टचा प्रश्न दिसायला सगळ्यात साधा, की व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते ठीक, पण माणसं वेगळी असतात म्हणजे नेमकी कशाकशात?

ऑलपोर्टचा एक किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय, तो मला फार आवडतो. १९२० साल, वय २२, व्हिएन्नात जाऊन हा पठ्ठ्या फ्रॉइडला भेटला. फ्रॉइड काहीच बोलेना, नुसता बघत बसला, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून ऑलपोर्टने येताना ट्राममध्ये पाहिलेला चारेक वर्षांचा मुलगा सांगितला, ज्याला घाणीची इतकी भीती की इथे बसायचं नाही, तो माणूस घाणेरडा आहे, असं सारखं चाललेलं, आणि शेजारी कडक इस्त्रीतली, हुकूम सोडणारी आई. फ्रॉइडने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आणि तो लहान मुलगा म्हणजे तुम्हीच का?' ऑलपोर्ट अवाक झाला. त्याच्या डोक्यात तसलं काही नव्हतं, तो फक्त अवघडलेली शांतता मोडत होता. त्याने यातून घेतलेला धडा असा की खोल बुडी मारायच्या आधी माणूस वरवर जे दिसतंय, जे सांगतोय, ते तरी नीट बघावं.

आणि बघायचं म्हणजे काय, तर त्याने सरळ डिक्शनरी काढली. कल्पना अशी की माणसामाणसांतला जो फरक जगायला महत्त्वाचा असतो त्याला भाषेत कधी ना कधी शब्द तयार होतोच. तू आपली मराठीच बघ ना, मनमिळाऊ, तुसडा, घुमा, तिरसट, भिडस्त, बोलघेवडा, आतल्या गाठीचा, दिलदार, किती बारीक छटा आहेत. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी डिक्शनरीतून असे १७,९५३ शब्द वेचले, त्यातले टिकाऊ गुण सांगणारे साडेचार हजारांच्या आसपास निघाले. मग कॅटेलने फॅक्टर अ‍ॅनालिसिस लावून, म्हणजे कोणते शब्द माणसांत जोडीने सापडतात ते गणिताने शोधून, ती यादी १६ गुणांवर आणली, आणि १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना वेगवेगळ्या माहितीतून पुन्हा पुन्हा पाचच ढीग पडताना दिसले. तेच आजचे बिग फाइव्ह : नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं, आणि पाचवं न्यूरॉटिसिझम म्हणजे मन किती पटकन अस्वस्थ होतं ते.

आता माझं मत विचारशील तर मी गुणांच्या या थिअरीवर जास्त भिस्त ठेवते, कारण ती मोजता येते आणि जी मोजता येते ती चुकीचीही ठरू शकते. आणि कुठे कुठे चुकलीच ती. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यांच्यात हे पाच ढीग काही वेगळे पडले नाहीत, आणि इतर भाषांतल्या शब्दांवर काम करणाऱ्या अ‍ॅश्टन आणि ली यांना सहावा ढीग सापडला, प्रामाणिकपणा-विनम्रतेचा. पण याहून मोठी अडचण मला वाटते ती अशी की गुण फक्त वर्णन करतात, कारण सांगत नाहीत. तो भांडतो का, तर भांडखोर आहे म्हणून, आणि भांडखोर आहे कशावरून, तर सारखा भांडतो म्हणून! इथे अडलीस की परत बंडुराकडे, रॉजर्सकडे, फ्रॉइडकडेही जावं लागतं. मुलं बालपणी लैंगिक टप्प्यांतून जातात या फ्रॉइडच्या कल्पनेला पुराव्याचा आधार मिळाला नाही, पण मनाचं बरंचसं काम आपल्या नकळत चालतं हे त्याचं म्हणणं टिकलं, ते वाऱ्यावर सोडू नकोस. परीक्षेत काय लिहायचं ते तुझे शिक्षक सांगतील, पण प्रत्येक नावापुढे वहीत 'याला नेमका प्रश्न काय पडला होता' एवढी एक ओळ लिहून बघ, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

प्रश्न : ताई, आमच्या कंपनीत ट्रेनिंगमध्ये सगळ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, ती चार अक्षरांची असते ती. माझं आय-एन-एफ-जे आलं, त्यातलं आय म्हणजे इंट्रोव्हर्ट, अंतर्मुख. वर्णन वाचून अंगावर काटा आला इतकं जुळत होतं. पण त्यानंतर मॅनेजरने मला क्लायंटबरोबरच्या मीटिंगमधून काढलं, म्हणाले तू इंट्रोव्हर्ट आहेस, तुला आत बसून करायचं काम बरं. चार महिन्यांनी मी घरी परत टेस्ट दिली तर ई-एन-एफ-जे आलं! म्हणजे मी नक्की कोण? आणि हे काम हातचं गेलं त्याचं काय?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण एका अक्षरावरून माणसाचं काम ठरवणं हे बरोबर नाही, आणि गंमत म्हणजे ही टेस्ट ज्यांची आहे तेच सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला हिचा वापर करू नका. हे तुमच्या मॅनेजरांना दाखवा.

मायर्स-ब्रिग्ज नावाची ही टेस्ट कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी बनवली. दोघीही सायकॉलॉजी शिकलेल्या नव्हत्या, पण युंग या मानसशास्त्रज्ञाचं १९२१ चं स्वभावाच्या टाइप्सवरचं पुस्तक त्यांनी झपाटल्यासारखं अभ्यासलं होतं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, प्रत्येकाला आपल्याला जमेल ते काम मिळावं या चांगल्या हेतूने प्रश्नावली तयार करायला घेतली. हेतूत खोट नाही. अडचण गणितात आहे. माणसांची बहिर्मुखता मोजली तर बहुतेक जण मधोमध सापडतात, अगदी टोकाला थोडेच, उंचीचं असतं तसंच. आता उंचीचं उदाहरण घेऊन सांगते, समजा एक रेघ मारली आणि म्हटलं की रेघेच्या वरचे सगळे 'उंच' आणि खालचे सगळे 'बुटके', तर रेघेच्या अर्धा इंच वर आणि अर्धा इंच खाली असलेली दोन माणसं वेगवेगळ्या जातीची ठरतात, आणि रेघेच्या अर्धा इंच वरचा माणूस आणि सगळ्यात उंच माणूस मात्र एकाच जातीचे! तुम्ही त्या रेघेजवळ आहात, बस. त्या दिवशी दोन प्रश्नांना थोडं वेगळं उत्तर दिलंत की आयचं ई, म्हणजे अंतर्मुखाचं बहिर्मुख झालं. तुम्ही बदललेल्या नाहीत. असं अक्षर बदलणं नेहमीचं आहे, थोड्याच आठवड्यांनी तीच टेस्ट दिली तरी बऱ्याच जणांचं चारातलं एखादं अक्षर बदलतं.

आणि तो अंगावर आलेला काटा. बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचं 'खास' वर्णन ठेवलं, किती जुळतं त्याला ५ पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या कागदावर शब्दन् शब्द एकच मजकूर होता, आणि तो त्याने बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. त्यातलं एक वाक्य साधारण असं होतं की कधी तुम्ही मोकळे, माणसांत रमणारे असता तर कधी अंतर्मुख, सावध आणि राखून वागणारे. आता सांगा, हे कुणाला लागू होत नाही? तुमच्या रिपोर्टमधली सगळीच वाक्यं इतकी पोकळ असतील असं मी म्हणत नाही, पण एक करून बघा, तुमचं वर्णन नाव न सांगता दोन-तीन मैत्रिणींना वाचायला द्या आणि त्यांना ते स्वतःचं वाटतं का विचारा.

इंट्रोव्हर्ट ही गोष्ट खोटी नाही हेही सांगायला हवं. आयझेंक या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरची गडबड त्याला लवकर जास्त होते. हे दाखवायला एक प्रयोग करतात. दोन्ही टोकांना कापूस असलेली काडी घ्यायची, बरोबर मध्ये दोरा बांधायचा, एक टोक २० सेकंद जिभेवर ठेवायचं, मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि दुसरं टोक तेवढाच वेळ ठेवायचं. दोऱ्याने काडी उचलली की अंतर्मुख माणसाची काडी लिंबाच्या बाजूला जास्त झुकते, म्हणजे त्याला लाळ जास्त सुटलेली असते. पुढच्या संशोधनात हे गणित इतकं सरळसोट निघालं नाही, पण फरक शरीरापर्यंत पोचतो हा विचार टिकून आहे.

पण म्हणून अंतर्मुख माणूस क्लायंटशी बोलू शकत नाही हे कुठून आलं? फ्लीसन नावाच्या संशोधकाने २००१ मध्ये लोकांना दिवसातून अनेक वेळा, जवळजवळ दोन आठवडे, 'आत्ता तासाभरात तुम्ही कसे वागलात' असं नोंदवायला लावलं, तर दिसलं काय, की जवळजवळ प्रत्येक माणूस आठवडाभरात अगदी गप्प ते अगदी बोलका असा सगळा पल्ला फिरून येतो, फरक असतो तो फक्त सरासरीत. आणि अ‍ॅडम ग्रँटने २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचे आकडे तपासले तर सगळ्यात जास्त कमाई करून देणारे सगळ्यात बोलघेवडे नव्हते, मधले होते, जे बोलतातही आणि ऐकूनही घेतात. तुम्ही त्याच मधल्या गटात दिसताय! मॅनेजरना सांगा की अक्षर बाजूला ठेवा, माझ्या मागच्या सहा मीटिंग बघा, काय ठरलं, क्लायंट परत आला का, आणि त्यावरून ठरवा.

प्रश्न : आमच्याकडे कायम ऐकायला मिळतं की थोरली जबाबदार, मधला दुर्लक्षित आणि शेंडेफळ लाडावलेलं. माझ्या तीनही मुलांना नातेवाईक हेच बिल्ले लावतात. शास्त्रात याला आधार आहे का?

उत्तर : कल्पना अ‍ॅडलर या मानसशास्त्रज्ञाची, आणि लाडक्या कल्पना सहज मरत नाहीत. पण २०१५ मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या २० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली तेव्हा बिग फाइव्हपैकी बहिर्मुखता, काटेकोरपणा, जुळवून घेणं, अस्वस्थपणा यांत जन्मक्रमाचा काहीच परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलांच्या अभ्यासातही फरक इतका बारीक निघाला की डोळ्यांना दिसणारच नाही. थोरली जबाबदार दिसते कारण ती आज, समजा, १४ ची आहे आणि शेंडेफळ ८ चं, थोरली ८ ची असताना कशी होती ते जुन्या व्हिडिओत बघा. बिल्ले मात्र काढायला लावा, मुलं ऐकत असतात.

प्रश्न : ताई, माझं वय ४६. मी तापट आहे, वडीलही तसेच होते. घरात बायको-मुलांवर ओरडतो, हात कधी उचललेला नाही पण मुलगी हल्ली मी आलो की खोलीत जाते, ते बघून आतून तुटतं. ऑफिसात मात्र मला सगळे शांत म्हणतात, बायकोला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही. आई म्हणते स्वभावाला औषध नाही, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. या वयात खरंच काही होण्यासारखं आहे का?

उत्तर : आहे. आधी एवढं सांगते आणि मग कसं ते बघू. मुलगी खोलीत जाते हे तुम्हाला दिसलं, टोचलं आणि तुम्ही लिहायला बसलात, याचं मोल मला फार वाटतं.

तुमच्या आईंचं म्हणणं मोठमोठ्यांनीही मांडलंय. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहिलं होतं की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. बरीच वर्षं असंच मानलं गेलं. पण मग त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं मोजणारे अभ्यास साठत गेले, ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ९२ गटांची माहिती एकत्र केली तर सरासरी माणूस विशीपासून चाळिशीपर्यंत आणि त्यानंतरही जास्त शांत आणि जास्त काटेकोर होत जातो असं दिसलं. हे आपोआप होणारं. मुद्दाम प्रयत्न केले तर? त्यांनीच २०१७ मध्ये उपचारांवरचे २०७ अभ्यास जमवले, उपचार सरासरी २४ आठवड्यांचे, आणि सगळ्यात जास्त बदल झाला तो नेमका मनाच्या स्थिरतेत, आणि उपचार थांबल्यावरही तो टिकलेला दिसला. म्हणजे औषध आहे, फक्त ते एका डोसाचं नाही.

वडिलांचं काय? जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की स्वभावातला साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असतो. पण या आकड्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. 'माझा निम्मा राग वडिलांचा' असा त्याचा अर्थ होत नाही, तो आकडा हजारो माणसांमधल्या फरकाबद्दल आहे, एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि आनुवंशिक आहे म्हणजे बदलत नाही असं तर तो मुळीच सांगत नाही. डोळ्यांचा नंबर आई-बापाकडून आला तरी चष्मा लागू पडतोच ना.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, ऑफिसात शांत, घरी तापट. तुम्हाला हे ढोंगीपणासारखं वाटत असेल, पण तसं नाहीये. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असा वाद उभा केला होता की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं ओळखता येतच नाही, आणि त्यामुळे स्वभाव नावाची गोष्ट आहे तरी का अशी वीसेक वर्षं भांडणं चालली. पुढे त्याने आणि युइची शोदाने एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांवर सहा आठवडे बारीक लक्ष ठेवलं. कोण किती आक्रमक, एवढंच न बघता, केव्हा आक्रमक, ते लिहून ठेवलं. मग असं दिसलं की दोन मुलांची एकूण चिडचिड सारखीच, पण एक मुलगा बरोबरीच्या मुलांनी चिडवलं की भडकायचा आणि मोठ्यांनी रागावलं तर गप्प बसायचा, दुसऱ्याचं बरोबर उलटं. आणि ज्याची त्याची ही पद्धत शिबिरभर पक्की. म्हणजे 'मी तापट आहे' हे वाक्य अर्धवट आहे, 'जेव्हा अमुक होतं, तेव्हा मी तापतो' हे पूर्ण.

तुमचं 'जेव्हा' शोधायचं आहे. एक छोटी वही घ्या, तीन रकाने पाडा : जेव्हा, तेव्हा, आणि त्याच्या आधी तासाभरात काय चाललं होतं. राग आला की लगेच नाही, शांत झाल्यावर दोन ओळी लिहा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अशी वही भरली होती, आधी लिहायचे 'मुलं ऐकत नाहीत', तिसऱ्या आठवड्यात तिसरा रकाना भरताना त्यांच्याच लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक वेळी ते नुकतेच घरात आले होते, बूटसुद्धा पायात होते, आणि कुणीतरी प्रश्न विचारला होता. मग त्यांनी आल्याबरोबर दहा मिनिटं एकटं बसायची परवानगी घरच्यांकडून मागून घेतली. सगळा राग गेला का, नाही गेला, पण दारातला गेला.

नुसतं ठरवून मात्र भागत नाही. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांवर १५ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, स्वभावातला एखादा गुण बदलायचाय म्हणून दर आठवड्याला छोटी छोटी कामं निवडायची, आणि ज्यांनी ती खरोखर पार पाडली त्यांच्यात बदल दिसला, ज्यांनी नुसती निवडली त्यांच्यात नाही. म्हणून काम इतकं छोटं घ्या की चुकणारच नाही. आवाज चढतोय असं जाणवलं की वाक्य अर्धवट सोडून पाणी प्यायला उठायचं, आठवडाभर फक्त एवढंच. आणि समुपदेशकाची वेळ आजच घेऊन ठेवा, वही भरायची वाट बघत बसू नका, वही घेऊनच जा.

मुलीला लेक्चर देऊ नका, माफी मागायची तर दोन वाक्यांत मागा आणि त्यात 'पण' येऊ देऊ नका. हवं तर तिला सांगा की बाबा वही लिहितायत, वाचायला मागितली तर द्या. तीन आठवड्यांनी मला परत लिहा, पहिल्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा काय आलंय ते.